इमारतीवर नाव कोरण्याआधी
ख्रिस्ती महाविद्यालयांच्या माजी विद्यार्थ्यांना आणि देणगीदारांना खुले पत्र

सन्माननीय माजी विद्यार्थी आणि देणगीदार,



कॉलेजात नाट्यगृह बांधायचं मनात आलं की पहिली विनंती तुमच्याकडे येते. आराखडा मागाहून होतो, परवानग्या त्याच्याही मागाहून. म्हणून हे पत्र प्राचार्यांना किंवा विश्वस्तांना न लिहिता तुम्हाला लिहितो आहे. देणगीला होकार देताना तुमच्या शब्दाला जे वजन असतं, ते उद्घाटनाच्या दिवशी उरत नाही. तोवर भिंती उभ्या राहिलेल्या असतात, विंगांची रुंदी ठरून गेलेली असते, आणि दर्शनी संगमरवरात तुमच्या आईवडिलांचं नाव कोरलेलं असतं.

मी प्रकाशयोजना करतो. मुंबईतल्या एका ख्रिस्ती कॉलेजात शिकलो, एकांकिका स्पर्धांच्या निमित्ताने दिवे लावायला शिकलो, आणि पुढे तेच काम झालं. महाराष्ट्रात आणि गोव्यात कॉलेजांच्या आवारातल्या पुष्कळ रंगमंचांवर काम केलं आहे. त्यातले बरेचसे कुणाच्या ना कुणाच्या देणगीतून उभे राहिलेले. त्या अनुभवातून एकच गोष्ट कळकळीने सांगायची आहे: देणगी वास्तूला जरूर द्या, पण तिचा ठळक वाटा त्या वास्तूत रोज संध्याकाळी जे घडायला हवं त्यासाठी राखून ठेवा, आणि तसं लिहून घ्या.

विल्सन कॉलेजचं मूळ १८३२ सालचं, सेंट झेवियर्स १८६९ सालचं, नागपूरचं हिस्लॉप १८८३ सालचं, अहमदनगर कॉलेज १९४७ सालचं. या संस्था मिशनऱ्यांनी आणि ख्रिस्ती समाजातल्या लोकांनी काढल्या, पण त्या वाढल्या त्या सगळ्या समाजाच्या मुलांनी आणि सगळ्या समाजाच्या पैशाने. मुंबईच्या भुलाभाई देसाई रस्त्यावर सोफिया कॉलेजचं आवार आहे. कॉलेज चालवतात सेक्रेड हार्टच्या कॅथलिक सिस्टर्स. त्यांच्या सभागृहाच्या नावात सोफियाशेजारी भाभा हे पारशी आडनाव आहे आणि पॉलिटेक्निकच्या नावात बी. के. सोमानी हे मारवाडी नाव आहे. त्या सभागृहात नाटकं झाली, मैफली झाल्या, नृत्याचे कार्यक्रम झाले. पहिल्या रांगेत बसलेल्या प्रेक्षकाने आपण कुणाच्या धर्माच्या आवारात आणि कुणाच्या पैशावर बसलो आहोत, असा विचारही केला नसेल. मुंबईच्या दातृत्वाची ही चाल मला फार मोलाची वाटते. तुम्ही त्याच चालीचे वारस आहात, आणि म्हणूनच त्या परंपरेतली एक दुखरी जागाही तुम्हाला माहीत असायला हवी.

काळा घोड्याजवळचा सर कावसजी जहांगीर हॉल आठवा. जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार १९११ साली उभा राहिलेला, दात्याचं नाव मिरवणारा हा हॉल एके काळी या शहराचं प्रतिष्ठित सभागृह होता. येहुदी मेन्युहिनसारख्या वादकाचं व्हायोलिन तिथे वाजलं आहे. पुढे शहरात नवी, सोयीची सभागृहं झाली, याच्या देखभालीकडे कुणी पाहिलं नाही, आणि जागा मिळेल त्या कामाला भाड्याने जाऊ लागली. मुष्टियुद्धाच्या लढती झाल्या, कामगार संघटनांच्या सभा झाल्या, लग्नाचे स्वागतसमारंभ झाले, चामड्याच्या वस्तूंचे सेलसुद्धा लागले. शेवटी आतली रचना पार बदलून १९९६ मध्ये तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झालं. संग्रहालय उत्तम आहे, वास्तू वाचली याचा आनंदही आहे. पण गाण्यासाठी आणि सभेसाठी दिलेला हॉल गाण्याचा राहिला नाही. दात्याचं नाव टिकलं, देणगीचा हेतू टिकला नाही. दगडाला पैसा मिळाला होता, दगडाच्या आतल्या संध्याकाळींना मिळाला नव्हता.

आता याच्या उलट बाजू पाहा. सोफिया कॉलेज ज्या रस्त्यावर आहे, त्याच रस्त्यावर भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूट होतं. तिथे इब्राहिम अल्काझी नाटकाचं शिक्षण देत, रविशंकरांची 'किन्नर' ही संगीतशाळा होती, गायतोंडे आणि हुसेन यांच्यासारखे चित्रकार काम करत. विजयाबाई मेहतांच्या 'रंगायन' या नाट्यसंस्थेला तिथे जागा मिळाली. तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू ही माणसं ज्या वर्षांत मराठी रंगभूमीचा चेहरा बदलत होती, त्या वर्षांत त्यांना गरज होती ती परवडणाऱ्या भाड्यात रोज उघडणाऱ्या एका दाराची. ते दार मिळालं. आज तिथे उंच इमारत आहे.

मग दादरची छबिलदास शाळा. १९७४ पासून 'आविष्कार'ने आणि तिच्या आधाराने इतरही संस्थांनी शाळेच्या त्या साध्या हॉलमध्ये प्रायोगिक नाटकांचा एक काळ घडवला. लाकडी खुर्च्या, खालून येणारा बाजाराचा गलका, पंख्याची घरघर; वातानुकूलन नव्हतं, उडता पडदा नव्हता. तरी अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांनी ती जागा जिवंत ठेवली, कारण तारीख मिळायची, भाडं झेपायचं, आणि नाटक पडलं तरी पुढच्या महिन्यात दुसरं लावता यायचं. शाळेने हॉल द्यायचं थांबवल्यावर ती चळवळ माहीमच्या महापालिका शाळेत गेली, पण छबिलदासचा काळ पुन्हा आला नाही. या शहरातल्या चांगल्या नाटकांची गेल्या साठ वर्षांची गोष्ट सांगायला बसलो की मला नाट्यगृहांच्या आधी तालमीच्या जागांची नावं आठवतात.

ख्रिस्ती कॉलेजांनी या गोष्टीत काय दिलं, हेही मोकळेपणाने म्हणायला हवं. अल्काझी झेवियर्सचे, अलेक पदमसी झेवियर्सचे, उस्ताद झाकीर हुसेन झेवियर्सचे, शबाना आझमी आणि फारूख शेख झेवियर्सचे. त्याच कॉलेजच्या 'इंडियन म्युझिक ग्रुप'ने चौकात रात्रभर शास्त्रीय संगीत ऐकवलं. रात्री खुल्या आकाशाखाली बसून पहाटेचे राग ऐकलेल्या मुंबईकरांच्या दोन पिढ्या आजही त्याबद्दल बोलताना हळव्या होतात. जेझुइट पाद्रींच्या कॉलेजात भैरव ऐकायला शहर जमतं, याहून सुंदर दृश्य मला तरी माहीत नाही. त्याला नवं सभागृह लागलं नव्हतं. लागली ती विद्यार्थ्यांवर विश्वास टाकून रात्री फाटक उघडं ठेवण्याची तयारी.

आणि तरीही नाट्यगृह हवंच. हे मी कोणताही आडपडदा न ठेवता सांगतो, कारण मी मुलांना बाहेर उभं राहून तालीम करताना पाहतो. पुरुषोत्तम करंडक, आयएनटी, सवाई या एकांकिका स्पर्धांचा मोसम जवळ आला की कोणत्याही कॉलेजच्या आवारात संध्याकाळी जाऊन पाहा. वर्गातले बाक भिंतीकडे सरकवून केलेल्या जागेत, जिन्याच्या वळणावर, उपाहारगृहाच्या मागे, सायकलस्टँडच्या पत्र्याखाली, जिथे दिवा असेल तिथे तालीम चालू असते. मुख्य पात्राचा आवाज पावसाच्या आवाजात बुडतो. दिग्दर्शक विद्यार्थी खडूने जमिनीवर विंगांच्या रेघा मारतो. आठ वाजले की वॉचमन येतो. तो चांगला माणूस असतो, पण त्याच्याकडे परवानगीची चिठ्ठी नसते. मग सगळे रस्त्यावर येतात आणि उरलेला प्रवेश बसस्टॉपवर करतात. त्याच आवारात एक मोठं सभागृह कुलूप लावून उभं असतं. वर्षातून काही वेळा ते उघडतं: वार्षिक समारंभ, एखादी परिषद, बाहेरच्या कंपनीचा कार्यक्रम. मुलांना ते मिळत नाही, कारण वीज आणि वातानुकूलनाचा खर्च कॉलेजला परवडत नाही, ध्वनियंत्रणा हाताळायला माणूस नाही, आणि काही बिघडलं तर दुरुस्तीला पैसा नाही.

मी एका अशा सभागृहात काम केलं आहे, नाव घेत नाही. बांधणाऱ्याने मनापासून बांधलं होतं. इटालियन संगमरवर, मोठ्या झुंबरांचा दिवाणखाना, दात्यांच्या नावांच्या पितळी पाट्या. रंगमंचावर गेलो तर विंग इतकी अरुंद की दोन पात्रं समोरासमोर आली तर एकाला प्रेक्षकांच्या नजरेत यावं लागे. मागचं दार इतकं लहान की नेपथ्याचे फ्लॅट कापून आत आणावे लागले. समोरून प्रकाश टाकायला प्रेक्षागाराच्या छतात जागाच ठेवलेली नव्हती. दिवे बाल्कनीच्या कठड्याला दोरीने बांधले. वातानुकूलन चालू केलं की शेवटच्या रांगेपर्यंत कुजबुज पोहोचेना, बंद केलं की अर्ध्या तासात प्रेक्षक रुमालाने वारा घेऊ लागले. बांधण्याआधी एखाद्या बॅकस्टेजच्या माणसाशी अर्धा दिवस बोलणं झालं असतं तर हे सगळं टळलं असतं. संगमरवराचा खर्च थोडा कमी करून तेवढ्यात दोन्हीकडच्या विंगा रुंद झाल्या असत्या.

म्हणून आराखड्याविषयी थोडं, कारण तुम्ही ते विचारू शकता आणि विचारायला हवं. सभागृहात आवाज थांबल्यावर त्याचा घुमारा विरायला किती वेळ लागतो, यावर त्या जागेत काय शोभेल हे ठरतं. समूहगायनाला, ऑर्गनला, पाश्चात्त्य वाद्यवृंदाला साधारण दोन सेकंद हवे असतात. आवाज तरंगतो, एकमेकांत मिसळतो. नाटकाच्या संवादाला एका सेकंदाच्या आसपास पुरतो, नाहीतर शब्दावर शब्द चढतात आणि मराठीतले जोडाक्षरांचे ठसके विरघळून जातात. तबल्याचे बोलही कोरडी जागा मागतात. एकच सभागृह चर्चच्या क्वायरलाही हवं, नाटकालाही हवं आणि मैफलीलाही हवं असेल, तर भिंतींवर सरकते जाड पडदे आणि फिरवता येणारी पटलं लागतात. ती पहिल्या दिवसापासून आराखड्यात असावी लागतात, नंतर लावून चालत नाही. मुंबईत याचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. एनसीपीएच्या टाटा थिएटरचं काम फिलिप जॉन्सन यांनी केलं, पण ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस यांना सुरुवातीपासून सोबत घेतलं गेलं. १९८० साली उघडलेल्या त्या जवळपास हजार आसनांच्या प्रेक्षागारात माइकशिवाय गायलेला सूर आजही शेवटच्या रांगेत सापडतो. तुमच्या कॉलेजच्या समितीत वास्तुविशारदाचं नाव असेल. ध्वनितज्ज्ञाचं नाव आहे का, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारा.

परदेशातल्या ख्रिस्ती कॉलेजांतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात हॉलंड गावी होप कॉलेज आहे, सुधारित ख्रिस्ती परंपरेतलं. तिथे २०१५ साली संगीतासाठी जॅक एच. मिलर यांच्या नावाचं केंद्र उघडलं, खर्च सुमारे साडेतीन कोटी डॉलर. मिलर घराण्याचा व्यवसाय शेजारच्याच झीलंड गावात, उभ्या लाकडी घड्याळांचा. आठशे आसनांच्या मैफलीच्या दालनासोबत वर्गखोल्या आणि सरावाच्या खोल्याही त्याच छताखाली घेतल्या आहेत. विद्यार्थ्याला दिवसभर तिथे काम असतं. सुमारे शतकभर चाललेली ती घड्याळांची कंपनी २०२५ मध्ये बंद करत असल्याचं तिच्या चालकांनी जाहीर केलं. उद्योग असे येतात-जातात. सरावाच्या खोलीत रोज सकाळी पियानो वाजत असेल, तरच दात्याच्या नावामागे काही जिवंत उरतं.

दुसरं उदाहरण इलिनॉय राज्यातल्या व्हीटन कॉलेजचं. या इव्हँजेलिकल कॉलेजात विज्ञानाची आर्मरडिंग हॉल नावाची जुनी इमारत होती. विज्ञान विभागाला नवी इमारत मिळाल्यावर जुनी पाडण्याऐवजी तिचंच संगीत आणि कलांसाठी रूपांतर केलं, आणि त्याचा पहिला टप्पा २०१७ मध्ये उघडला. आपल्याकडच्या जुन्या कॉलेजांत हा विचार फार कमी होतो. कित्येक आवारांत उंच छताची, जाड दगडी भिंतींची, रिकामी पडलेली प्रयोगशाळा किंवा कार्यशाळा असते. मुंबईत नव्या बांधकामाला जागा कुठे आहे? वारसा वास्तूंच्या नियमांत आणि किनाऱ्याजवळच्या बांधकामाच्या नियमांत अडकून वर्षानुवर्षं घालवण्यापेक्षा, जुन्या छताखाली दीडशे प्रेक्षकांची एक काळी पेटी, म्हणजे चारही बाजूंनी मोकळी, बाकांची मांडणी बदलता येईल अशी खोली करणं कितीतरी शहाणपणाचं. लहान जागेत काय होऊ शकतं, हे दोनशे आसनांच्या पृथ्वी थिएटरने १९७८ पासून सिद्ध केलं आहे. त्याच्या लहान आकारातच त्याचं बळ आहे: नवख्या नटालाही तिथे भरलेलं घर मिळतं.

आता थोडं पैशाबद्दल, कारण शेवटी तुम्ही देणार आहात तो पैसाच. आपल्याकडे देणगी मागताना प्रति चौरस फूट खर्च सांगतात. चालवायचा खर्च कुणी सांगत नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या कंपन्या आहेत किंवा तुम्ही मोठ्या कंपन्यांत निर्णय घेणाऱ्या जागी आहात. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक मर्यादेच्या वरच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्चावे लागतात, आणि त्यात शिक्षण, कला, संस्कृती बसतात. पण २०२१ पासूनच्या नियमांनुसार हा पैसा संस्थेच्या कायमनिधीत टाकता येत नाही. म्हणून माझी विनंती अशी की कंपनीचा पैसा भिंतींना, दिव्यांना, खुर्च्यांना द्या. आणि स्वतःच्या खिशातला पैसा कायमनिधीला द्या. समजा, सगळं मिळून चार कोटींची देणगी जमते आहे. त्यातला एक कोटी कायमनिधीत गेला आणि त्यावर सात टक्के व्याज आलं, तर वर्षाला सात लाख रुपये होतात. एक चांगला तांत्रिक जाणकार नोकरीला ठेवता येतो, वीजबिलाला हातभार लागतो, खराब झालेले दिवे वेळेवर बदलता येतात. सभागृहाचं आयुष्य या सात लाखांवर उभं राहतं. बाकीच्या तीन कोटींत थोडं काटकसरीने बांधलं तर प्रेक्षकाला फरक कळणारही नाही.

परदेशी स्थायिक झालेल्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि तुम्ही बँकेमार्फत स्वतःच्या बचतीतून देत असाल, तर ते विदेशी योगदान धरलं जात नाही. तुम्ही दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं असेल तर ते विदेशी योगदान ठरतं, आणि मग कॉलेजच्या संस्थेची विदेशी योगदान कायद्याखाली नोंदणी हवी, पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा. २०२० च्या दुरुस्तीनंतर त्यातला वीस टक्क्यांपेक्षा जास्त पैसा प्रशासकीय खर्चाला वापरता येत नाही. म्हणून पगार वगैरे चालवणुकीसाठी देणाऱ्याने आधी हिशोबनीसाशी बोलून कोणता खर्च कशात बसतो, ते पक्कं करावं. न्यू जर्सीत बसून भावनेच्या भरात चेक पाठवणारे मित्र मी पाहिले आहेत. वर्षभर तो पैसा कागदांत अडकून पडला.

आणि अटी. देणगी देताना अट घालणं आपल्याकडे असभ्य समजतात. इथे ते असभ्य नाही, कर्तव्य आहे. देणगीच्या करारात लिहून घ्या की शैक्षणिक वर्षात अमुक इतक्या संध्याकाळी सभागृह आणि तालमीची खोली विद्यार्थ्यांना विनाभाडं मिळेल, त्यात वीज धरलेली असेल, आणि किल्ली कुणाकडून घ्यायची ते सूचनाफलकावर लावलेलं असेल. शहरातल्या हौशी आणि प्रायोगिक संस्थांना परवडेल असं वेगळं भाडं ठरवा, आणि कंपन्यांकडून घेतलेल्या भाड्यातला ठरावीक वाटा याच कामाला लावा. व्हीलचेअरवरचा प्रेक्षक आत येईल याची काळजी बहुतेक ठिकाणी घेतली जाते. व्हीलचेअरवरचा नट रंगमंचावर चढेल याची काळजी कुणी घेत नाही, तीही लिहून घ्या. आणि पुढे कधी वास्तूचा उपयोग बदलायचा झाला, तर निधी कोणत्या कलाकामासाठी वापरायचा, तेही आजच ठरवा. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक न्यासांना जमीन किंवा इमारत विकायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, हे खरं. पण विक्री न करता नुसतं भाड्याच्या समारंभांत गुरफटून गेलेल्या सभागृहाला तो कायदा वाचवू शकत नाही. ते काम तुमच्या करारातल्या दोन वाक्यांनी होतं.

इथे मला माझ्या ख्रिस्ती मित्रांना, म्हणजे तुमच्यातल्या अनेकांना, एक जिव्हाळ्याची गोष्ट सांगायची आहे. अशा सभागृहाच्या उद्घाटनाला हँडेल आणि बाख वाजतात, ख्रिसमसला कॅरल्स होतात, आणि ते व्हायलाच हवं. पण या मातीत ख्रिस्ती कलेला चार शतकांचा मराठी आवाज आहे, आणि तो आपल्याच कॉलेजांच्या रंगमंचावर फार क्वचित ऐकू येतो. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि त्याचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं: हजारो ओव्या, मराठीत, म्हणायच्या चालीच्या. उपासाच्या काळात चर्चच्या आवारात लोक ते ऐकत बसत. अहमदनगरला नारायण वामन टिळकांनी कीर्तन, भजन, अभंग ही अस्सल मराठी रूपं ख्रिस्ती उपासनेत रुजवली आणि भक्तीची भाषा बदलून टाकली. अंधेरीच्या ज्ञान आश्रमात फादर जॉर्ज प्रोक्श या धर्मगुरूंनी भारतीय संगीतावर आणि नृत्यावर आयुष्य वाहिलं. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीला कलै काविरी हे कॅथलिक परंपरेतलं ललित कला महाविद्यालय भरतनाट्यम आणि कर्नाटक संगीताचं पदवीशिक्षण देतं. महाराष्ट्रात असं एकही महाविद्यालय दाखवता येत नाही, याची मला खंत आहे. अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, एखाद्या सभागृहात टिळकांच्या परंपरेतलं कीर्तन उभं राहिलं, वसईच्या गावांतल्या लोकांनी आपल्या लग्नगीतांचा कार्यक्रम केला, गोव्याच्या मुलांनी 'ख्रिस्तपुराणा'तली एखादी कथा तियात्राच्या कलाकारांसोबत रंगवली, तर ते दालन खऱ्या अर्थाने त्या कॉलेजचं होईल. त्याला वेगळा पैसा लागत नाही. सभागृहाचं वर्षभराचं वेळापत्रक ठरवणारी समिती हवी, तिच्यात मराठी विभाग, संगीत विभाग, विद्यार्थी आणि बाहेरचा एखादा रंगकर्मी हवा. त्या समितीसाठी दरवर्षीची थोडी रक्कम राखून ठेवा. देणगीच्या मानाने ती नगण्य असेल.

कुणी म्हणेल, आधी वसतिगृह, आधी शिष्यवृत्ती, नाट्यगृह नंतर. हा मुद्दा मी हलका मानत नाही. फी भरू न शकणाऱ्या मुलाची फी आधी भरा. पण ज्या मुलाला तुम्ही शिष्यवृत्तीने कॉलेजात आणलंत, त्याला दोन वर्षं कुणाचं तरी पात्र जगायला, शंभर माणसांसमोर उभं राहून न अडखळता बोलायला, पडद्यामागे वेळेवर दिवा बदलायला मिळालं, तर त्या शिष्यवृत्तीचं मोल किती वाढतं, हे माझ्यासारख्या अनेकांनी स्वतः अनुभवलं आहे. माझ्याबरोबर शिकलेली कितीतरी मुलं पुढे वकील, डॉक्टर, शिक्षक झाली. न्यायालयात, रुग्णाच्या खाटेशी, वर्गात उभं राहताना त्यांना जो आवाज मिळाला, तो त्यांनी तालमीत कमावला.

तुम्ही सही करण्याआधी एक करा. पाऊस लागल्यावर, स्पर्धांच्या मोसमात, कुणालाही न कळवता संध्याकाळी सातनंतर आपल्या कॉलेजच्या आवारात जा. मुलं कुठे तालीम करताहेत ते पाहा. त्यांच्याशी बोला, त्यांना काय अडचण येते ते विचारा, आणि त्यांच्यातल्या दोघांची नावं आणि दूरध्वनी क्रमांक घेऊन ठेवा. मग वास्तुविशारदाबरोबरची पहिली बैठक ठरली की प्राचार्यांना सांगा, या दोघांनाही बोलवा, आणि विंगांची रुंदी, मागच्या दाराची उंची आणि तालमीच्या खोलीची किल्ली या तीन विषयांवर आधी त्यांचं ऐका.

आपला,
एक प्रकाशयोजनाकार, आणि आपल्यासारखाच एक माजी विद्यार्थी